दारूबंदीने जॅझला काय दिलं?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना असं आमंत्रण नवीन नसेल. गावातल्या संग्रहालयात शनिवारी संध्याकाळी १९२० च्या दशकातली एक रात्र उभी करणार आहेत. पुरुषांनी फेडोरा टोपी घालून आणि गॅलिस लावून यावं, बायकांनी झालरींचा झगा घालावा, दारावर परवलीचा शब्द सांगितला की आत सोडतील, आणि आत पाच-सहा जणांचा बँड समोर बसून जॅझ वाजवील. लास वेगासच्या मॉब म्युझियमने, म्हणजे टोळ्यांच्या गुन्हेगारीवरच्या संग्रहालयाने, तर तळघरात असा अड्डा कायमचाच थाटला आहे. शेजारी दारू गाळायची छोटी भट्टीही आहे. जॉर्जिया राज्यात सव्हानाला फक्त दारूबंदीच्या इतिहासाला वाहिलेलं संग्रहालय २०१७ पासून आहे, आणि त्यालाही जोडून बार आहे. ५ डिसेंबर, म्हणजे दारूबंदी उठल्याचा दिवस, जवळ आला की अशा कार्यक्रमांना जोर येतो.

अशा ठिकाणी बसल्यावर एक प्रश्न पडायला हवा. दारू विकणं गुन्हा होता. मग गुन्हा करणाऱ्याने खिडक्या लावून, गुपचूप, कुजबुजत धंदा करायचा. इथे तर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ढोल! चोरीच्या धंद्यात एवढा गोंगाट कोण करतं?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना दारूबंदी आणि जॅझ यांचं खरं नातं उलगडत जातं. ते नातं या समारंभांत दाखवतात त्यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं.

आधी कायदा

अमेरिकेच्या राज्यघटनेतली १८वी दुरुस्ती १६ जानेवारी १९१९ रोजी पुरेशा राज्यांनी मंजूर केली आणि वर्षभराने, १७ जानेवारी १९२० पासून, ती अमलात आली. तिने दारू तयार करणं, विकणं, वाहून नेणं आणि आयात-निर्यात करणं बंद केलं. पिणं मात्र बंद केलं नाही. बंदीच्या आधी घरात भरून ठेवलेली दारू घरी बसून प्यायला काहीच हरकत नव्हती. साहजिकच ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी तळघरं भरून ठेवली आणि रोजच्या कमाईवर जगणाऱ्याची दारू पहिल्या दिवशी बंद झाली.

दुरुस्तीची अंमलबजावणी करणाऱ्या व्होल्स्टेड कायद्याने अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय म्हणजे मादक पेय, अशी रेघ आखली. पण पळवाटाही त्याच कायद्यात होत्या. चर्चमधल्या विधीसाठी वाइन चालायची. डॉक्टरने चिठ्ठी दिली तर औषधाच्या दुकानातून व्हिस्की मिळायची. विन्स्टन चर्चिल डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कला रस्ता ओलांडताना मोटारीखाली आले, तेव्हा त्यांनाही डॉक्टरने अशी चिठ्ठी दिली होती. अशा जुन्या चिठ्ठ्या संग्रहालयांत मांडलेल्या असतात. त्या जरूर वाचाव्यात. लपवाछपवी कशी चालत होती ते त्या कागदावर लख्ख दिसतं.

ही बंदी कुणा खुळ्या लोकांच्या डोक्यातून आली, असा सूर या संध्याकाळी अनेकदा लागतो. तो मला पटत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत नवऱ्याचा पगार गुत्त्यात जायचा, घरी मारहाण व्हायची आणि बायकोच्या हातात ना मतदानाचा हक्क ना मालमत्तेचा पुरेसा अधिकार. ख्रिस्ती महिलांची मद्यनिषेध संघटना १८७४ साली स्थापन झाली ती या रागातून. आपल्याकडे ज्या बायका मतदान करून गावातली बाटली आडवी करतात, त्यांना हा राग समजावून सांगावा लागणार नाही. पुढे त्यात राजकारण मिसळलं. १९१३ मध्ये केंद्रीय आयकर आला, त्यामुळे सरकारला दारूवरच्या कराची पूर्वीइतकी गरज उरली नाही. १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली, आणि बिअरचे मोठे कारखानदार बहुतेक जर्मन वंशाचे होते. सगळं जुळून आलं.

बंदीने पिणं कमी झालं का? सुरुवातीला झालं, आणि बरंच झालं. अर्थशास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार पहिल्या काही वर्षांत दारूचा खप आधीच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरला. मग तो हळूहळू वर चढला आणि दशकाच्या शेवटी पूर्वीच्या साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत पोचला. मधल्या काळात चोरटा धंदा बस्तान बसवून मोकळा झाला होता.

बँड कशाला हवा होता?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अड्ड्यात एवढा गोंगाट चालायचा, कारण बहुतेक ठिकाणी तो कुणापासून लपवायचाच नव्हता. सुरुवातीला साऱ्या देशासाठी केंद्राचे दीड हजारांच्या आसपास अंमलदार होते. स्थानिक पोलिसांना हप्ता ठरलेला असायचा. शिकागो, न्यूयॉर्क, कॅन्सस सिटी अशा शहरांत कोणत्या गल्लीत काय चालतं हे पोलिसांना, नगरसेवकांना आणि पाद्र्यांनाही ठाऊक होतं. कॅन्सस सिटीत टॉम पेंडरगास्ट या पुढाऱ्याचं राज्य होतं; तिथे बंदीचा फारसा परिणाम जाणवलाच नाही. तिथल्या रात्रभर चालणाऱ्या क्लबांमधूनच पुढे काउंट बेसी या पियानोवादकाचा गाजलेला बँड निघाला.

लपवणारेही होते. न्यूयॉर्कच्या ५२व्या रस्त्यावरच्या 'ट्वेंटीवन' क्लबच्या तळघरात दोन-अडीच टनांचा एक दरवाजा होता. बाहेरून ती विटांची साधी भिंत दिसायची. एका विशिष्ट विटेजवळच्या बारीक भोकात मांस भाजायची लोखंडी सळई घातली की कळ दबायची आणि भिंत उघडायची. मात्र हा श्रीमंतांचा जेवणाखाण्याचा क्लब होता. जिथे जॅझ वाजायचा तिथली बात वेगळी होती.

बंदीच्या आधीचा अमेरिकन गुत्ता हे पुरुषांचं ठिकाण होतं. कामावरून सुटायचं, उभ्याउभ्या दोन पेले रिचवायचे आणि घरी जायचं. त्याला संगीत लागत नव्हतं. कोपऱ्यात एखादा पियानो असला तर पुष्कळ. बंदीनंतर धंद्याचं गणितच बदललं. पकडलं जाण्याचा धोका, पोलिसांचा हप्ता, कॅनडातून नदी ओलांडून आणलेला माल, या सगळ्यामुळे पेला महाग झाला. एवढा पैसा मोजणारं गिऱ्हाईक चार घोट घेऊन उठून जाता कामा नये. त्याने रात्रभर बसलं पाहिजे, मैत्रिणीला आणलं पाहिजे, नाचलं पाहिजे. बायकाही आता क्लबांत येऊ लागल्या होत्या. आणि शेजारच्या अड्ड्यात दारू तीच, बहुधा त्याच टोळीची. मग गिऱ्हाइकाने आपल्याच दारात का यावं? तर आपला बँड चांगला आहे म्हणून.

म्हणून टोळीवाल्यांनी वादकांना रोजगार दिला, रोख आणि आठवड्याच्या आठवड्याला. मोठ्या क्लबांत तर वर्षानुवर्षं तोच बँड रोज रात्री वाजवत राहिला. संगीताच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. रोज पाच-सहा तास, त्याच साथीदारांबरोबर, नाचणाऱ्या लोकांसमोर वाजवायला मिळालं की हात आणि कान जे तयार होतात, ते कुठल्याही शाळेत होत नाहीत.

तरीही 'दारूबंदीने जॅझ जन्माला घातला' असं कुणी म्हटलं तर ते मान्य करू नये. जॅझ त्याआधीचा. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत, मिरवणुकांच्या बँडांत, अंत्ययात्रांत आणि नाचघरांत तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आकार घेत होता. पहिली जॅझ तबकडी म्हणून जी ओळखली जाते ती फेब्रुवारी १९१७ ची आहे, आणि ती गोऱ्या वादकांची आहे. दक्षिणेतल्या छळाला आणि दारिद्र्याला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय माणसं त्याच सुमारास उत्तरेच्या शहरांकडे निघाली होती. त्यांच्याबरोबर वादकही गेले. बंदी आली नसती तरी ते शिकागोला पोचलेच असते. बंदीमुळे तिथे त्यांना रोज वाजवायला जागा मिळाली आणि त्या जागेमागे भरपूर पैसा होता. पैसा कुणाचा, हा प्रश्न मात्र कायम राहिला.

रिचमंडचा स्टुडिओ

किंग ऑलिव्हर हा न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवादक शिकागोला लिंकन गार्डन्स या नाचघरात वाजवत होता. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचंच थोडं आखूड, गोल आवाजाचं भावंड. ऑगस्ट १९२२ मध्ये त्याने आपल्या गावाकडच्या एका तरुणाला दुसरा कॉर्नेट वाजवायला बोलावून घेतलं. तो लुई आर्मस्ट्राँग.

एप्रिल १९२३ मध्ये हा बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेनेट कंपनीच्या स्टुडिओत गेला. तेव्हा मायक्रोफोन नव्हते. एका मोठ्या कर्ण्यासमोर सगळ्यांनी वाजवायचं, आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेषा कोरली जायची. पूर्ण ढोलसंच वाजवला तर सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्स हा ढोलवादक लाकडी ठोकळ्यांवर ताल देत होता. स्टुडिओलगत रेल्वेचा रूळ होता. गाडी आली की थांबायचं. पियानोवर लिल हार्डिन होती. तिने पुढे सांगितलेली आठवण अशी की आर्मस्ट्राँगचा आवाज इतका दमदार होता की ऑलिव्हर ऐकूच येईना, म्हणून आर्मस्ट्राँगला बाकीच्यांपासून बराच मागे उभं केलं. पुढच्या वर्षी लिल आणि लुईचं लग्न झालं, आणि ऑलिव्हरच्या सावलीतून बाहेर पड, असं तीच त्याला सांगत राहिली.

या तबकड्या आज ऐकताना आवाज डबक्यातून आल्यासारखा वाटतो. पाच मिनिटं तग धरा. मग लक्षात येतं की एकाच वेळी चार जण वेगवेगळं वाजवताहेत आणि कुणीच कुणाच्या पायात पाय घालत नाही.

संग्रहालयातला बँड ऐकताना

समोरचा बँड जुन्या न्यू ऑर्लिन्स पद्धतीचा असेल तर त्याची रचना ओळखायला सोपी आहे. कॉर्नेट किंवा ट्रम्पेट मूळ चाल धरतो. क्लॅरिनेट तिच्या वरच्या पट्टीत भराभर नक्षी काढत फिरतो. ट्रॉम्बोन खालून घसरत येतो आणि ओळींच्या मधल्या मोकळ्या जागा भरतो. मागे पियानो, बँजो, ट्युबा किंवा मोठा बास आणि ढोल, यांच्याकडे ठेका. बँजो आणि ट्युबा इथे शोभेला नाहीत. माइक नसलेल्या, भरलेल्या नाचघरात गिटार आणि बासपेक्षा त्यांचा आवाज जास्त पोचायचा. १९२५ पासून विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, पुढे माइक सर्रास झाले, आणि दशकभरात बँजोची जागा गिटारने व ट्युबाची जागा बासने घेतली.

वाजवणारे ठरवून वाजवतात की मनाला येईल तसं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आपल्या ख्यालगायकाला जसं आवर्तन बांधून देतं तसं इथेही आहे. ब्लूजचा सर्वांत प्रचलित साचा बारा मात्रागटांचा, प्रत्येक गटात चार मात्रा. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. कोणत्या गटात कोणता स्वरमेळ यायचा हे ठरलेलं, आणि ते आवर्तन संपलं की पुन्हा पहिल्यापासून. या चौकटीत प्रत्येकाला मोकळीक. चौकट डोक्यात पक्की असल्याशिवाय मोकळीक घेता येत नाही, हे आपल्या कानांना वेगळं सांगायला नको. फरक टाळीत आहे. आपला हात पहिल्या मात्रेवर, समेवर पडतो. इथे जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. तिथे टाळी द्यायला लागलात की सगळ्या बँडचा झोका एकदम अंगात येतो.

आणखी एक जागा लक्ष ठेवून ऐकण्यासारखी. मध्येच ठेका पूर्ण थांबतो आणि दोन मात्रागटांपुरता एकच वादक एकटा वाजवतो. याला ब्रेक म्हणतात. लिंकन गार्डन्समध्ये ऑलिव्हर आणि आर्मस्ट्राँग हा ब्रेक दोघं मिळून, सुरात सूर मिसळून वाजवायचे. लिहिलेलं काही नसताना दोघांना एकच ओळ कशी सुचते, म्हणून इतर वादक तोंडात बोट घालून बघत राहायचे. गुपित असं होतं की ब्रेक यायच्या काही क्षण आधी ऑलिव्हर ती ओळ हळूच वाजवून जायचा आणि आर्मस्ट्राँग तेवढ्यात तिची जोड मनात तयार करायचा.

नोव्हेंबर १९२५ पासून आर्मस्ट्राँगने स्वतःच्या 'हॉट फाइव्ह' बँडच्या तबकड्या काढायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी मिळून विणण्याचं हे संगीत एकट्याच्या प्रतिभेकडे वळलं. जून १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'वेस्ट एंड ब्लूज'च्या सुरुवातीला तो साथीशिवाय काही सेकंद वाजवतो. जॅझमधला एकल वादक म्हणजे काय, याचं उत्तर मला त्या काही सेकंदांत मिळतं. तिथे पियानोवर अर्ल हाइन्स आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस हाइन्स शिकागोच्या ग्रँड टेरेस क्लबमध्ये रुजू झाला, आणि त्या क्लबवर अल कपोन या शिकागोतल्या दारूच्या बड्या टोळीवाल्याचा हात होता.

टोळीची नोकरी म्हणजे काय, याचा अंदाज दोन गोष्टींतून येतो. मिल्ट हिंटन हा पुढे नावाजलेला बासवादक लहानपणी शिकागोत कपोनच्या दारूच्या गाडीवर काम करायचा. एका अपघातात त्याच्या हाताचं बोट चिरडलं. डॉक्टर ते कापणार होता. कपोनने कापू दिलं नाही, म्हणून बोट वाचलं आणि बासवादक वाचला, असं हिंटन सांगत असे. दुसरी गोष्ट जो लुईस या गायकाची. १९२७ मध्ये तो जास्त पैशांसाठी एका क्लबमधून दुसऱ्यात गेला, तर टोळीच्या माणसांनी त्याचा गळा आणि चेहरा चिरला. तो जगला, पण पूर्वीचा गळा परत आला नाही. पुढे तो विनोदी कलाकार म्हणून उभा राहिला. रोजगार देणारा आणि गळा चिरणारा हात एकाच टोळीचा असायचा. १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोत ज्या भिंतीसमोर सात जणांना गोळ्या घातल्या, तिच्या विटा मॉब म्युझियममध्ये ठेवल्या आहेत. त्याच इमारतीच्या तळघरात बँड वाजतो, हे लक्षात ठेवून तो ऐकावा.

कॉटन क्लबचं दार

न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत, लेनॉक्स अव्हेन्यू आणि १४२व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर कॉटन क्लब होता. मालक ओनी मॅडन हा दारूचा टोळीवाला. ४ डिसेंबर १९२७ रोजी ड्यूक एलिंग्टन या पियानोवादक-संगीतकाराचा बँड तिथे लागला आणि १९३१ पर्यंत राहिला. क्लबमधून रेडिओवर थेट प्रक्षेपण व्हायचं, त्यामुळे एलिंग्टनचं नाव देशभर झालं.

त्याच्या बँडमधले बबर मायली ट्रम्पेटच्या तोंडावर आणि ट्रिकी सॅम नँटन ट्रॉम्बोनच्या तोंडावर रबराची वाटी धरायचे. न्हाणीघराचं किंवा सिंकचं भोक तुंबल्यावर जो रबरी पंप दाबतात, त्याचा दांडा काढलेली ही वाटी. ती उघडझाप केली की वाद्य गुरगुरतं, रडतं, बोलतं. समोरच्या बँडमध्ये कुणाच्या खुर्चीखाली अशी वाटी दिसली तर खुशाल समजा की जाणकार माणसं आलेली आहेत.

या क्लबमध्ये वादक, गायक, नर्तिका सगळे कृष्णवर्णीय. प्रेक्षक मात्र गोरेच. दारावर अडवायला माणसं उभी असायची. सजावट कधी दक्षिणेतल्या गुलामांच्या मळ्याची, कधी जंगलाची. नर्तिका उजळ रंगाच्याच निवडायचे. म्हणजे वाजवणाऱ्याची आई त्याच मोहल्ल्यात राहत असली तरी त्याला ऐकायला आत येऊ शकत नव्हती. सगळीकडे असंच होतं असं नाही. शिकागोच्या साउथ साइडला मिश्र गिऱ्हाइकांचे क्लब होते, आणि हार्लेममध्येच मार्च १९२६ मध्ये उघडलेल्या सव्हॉय बॉलरूममध्ये गोरे-काळे एकत्र नाचायचे. पण सर्वांत जास्त पैसा आणि प्रसिद्धी देणारं दार वंशभेदाचं होतं. बहुतेक समारंभांत हा भाग गाळलेला असतो. तो गाळला की उरलेला जॅझ अर्धवट कळतो, असं माझं ठाम मत आहे. वादकाने ज्या अपमानातून ते काम उभं केलं, तो अपमान त्या इतिहासाचाच भाग आहे.

गाळलेली आणखी एक गोष्ट म्हणजे विष. कारखान्यांसाठीचं अल्कोहोल कुणी पिऊ नये म्हणून त्यात मिथाइल अल्कोहोल मिसळलं जायचं. ते चोरून अड्ड्यांवर यायचं. १९२७ मध्ये सरकारने हे विष आणखी वाढवलं आणि माणसं मरत राहिली. १९३० मध्ये आल्याच्या अर्कात भेसळ झाली आणि तो स्वस्त म्हणून पिणाऱ्या हजारो गरिबांचे पाय लुळे पडले. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, तीही मिथाइल अल्कोहोलनेच.

मुंबईत उलटं का झालं?

हा विषय मराठी वाचकाला दूरचा वाटू नये, कारण हेच संगीत आणि दारूबंदी, दोन्ही आपल्याकडे येऊन गेले.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पुढे टेडी वेदरफर्ड आला. मे १९२६ मध्ये शिकागोत ज्या बँडच्या ध्वनिमुद्रणात आर्मस्ट्राँग ट्रम्पेट वाजवत होता, त्यात पियानोवर हाच वेदरफर्ड होता. म्हणजे दारूबंदीच्या शिकागोतला जॅझ थेट अपोलो बंदरावर उतरला. वेदरफर्ड भारतातच राहिला आणि १९४५ मध्ये कोलकात्यात पटकीने वारला.

त्याला ऐकायला आणि पुढे त्याच वाटेने वाजवायला गोव्याचे वादक होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवत. समोर कागद ठेवला की वाजवता येणारी ही माणसं मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या गावोगावच्या वसतिगृहांत, राहून हॉटेलांतल्या बँडांत कामं करू लागली. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ हा ट्रम्पेटवादक 'चिक चॉकलेट' या नावाने गाजला; त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

आणि मग मुंबई राज्यात दारूबंदी आली. १९३९ चा पहिला प्रयत्न टिकला नाही. १९४९ चा कायदा टिकला आणि १९५० पासून पूर्ण बंदी लागू झाली. परमिट रूम हा शब्द आपल्या पाट्यांवर अजून आहे तो त्या कायद्यामुळे. अमेरिकेचा अनुभव पाहता मुंबईत जॅझला ऊत यायला हवा होता. झालं उलटं. हॉटेलांचा बारचा धंदा बसला, इंग्रज गिऱ्हाईक स्वातंत्र्यानंतर निघून गेलं होतं, आणि बँडांची कामं आटली.

असं का, याबद्दल माझा तर्क असा. शिकागोत बेकायदा दारू मोठ्या, झगमगत्या क्लबांत विकली जात होती, आणि क्लबला बँड लागतो. मुंबईत ती हातभट्टीतून आली आणि आंटीच्या अड्ड्यावर, म्हणजे कुणाच्या तरी घरातल्या पुढच्या खोलीत, बाकड्यावर बसून प्यायली गेली. सोबतीला उकडलेली अंडी आणि चणे. तिथे दहा जणांचा वाद्यवृंद मावणार कुठे? आणि मोठी हॉटेलं उघडपणे कायदा मोडायला धजावणारी नव्हती.

मुंबईच्या वादकांना आधार दिला तो सिनेमाने. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, चिक चॉकलेटला संगीत संयोजनासाठी बरोबर घेतलं. भगवानदादांच्या १९५१ च्या 'अलबेला'त तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. संगीतकार चाल गुणगुणायचा आणि गोव्याचा संयोजक प्रत्येक वाद्याचं स्वरलेखन करून द्यायचा. सेबॅस्टियन डिसोझांनी तर हे काम वर्षानुवर्षं केलं. आपल्या घरांत जॅझ आला तो रेडिओवरच्या हिंदी गाण्यांतून, क्लबमधून नव्हे.

जाण्याआधी

अमेरिकेतली बंदी ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. यूटा हे मंजुरी देणारं ३६वं राज्य, आणि तेवढी राज्यं पुरेशी होती. त्याआधी ७ एप्रिलपासून सौम्य बिअर सुरू झालीच होती. न्यूयॉर्कच्या ५२व्या रस्त्यावरचे काही चोरटे अड्डे मग उजळ माथ्याने जॅझ क्लब झाले.

त्यामुळे बँडच्या यादीत १९४० च्या आसपासची मोठ्या स्विंग बँडांची गाणी दिसली तर ती दारूबंदीनंतरची आहेत हे ओळखा. ती गाणी छान आहेत, पण त्या रात्रीची नाहीत. मध्यंतरात वादक बहुतेक वेळा मोकळे असतात आणि फर्माईश आनंदाने घेतात. ऑलिव्हरच्या १९२३ च्या तबकड्यांतलं काहीतरी वाजवा म्हणून सांगा, आणि दोन कॉर्नेट किंवा ट्रम्पेट असतील तर ब्रेक दोघांनी मिळून घ्या म्हणावं. जाण्याआधी घरी त्या तबकड्या, एलिंग्टनच्या १९२७ च्या तबकड्या आणि 'वेस्ट एंड ब्लूज', एवढं ऐकून जा. त्यांतलं निवडक ऐकलं तर तासाभराचंही काम नाही. बारच्या भागात बहुतेक ठिकाणी २१ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत, तेव्हा मुलं बरोबर असतील तर दुपारचं संग्रहालय बघा आणि बँड दुपारी कधी असतो तेही तिकीट काढतानाच विचारून घ्या. आणि वादकांसमोर टिपांचं भांडं ठेवलेलं असेल तर त्यात हात आखडता घेऊ नका.